सेहेचाळीस चमचे, एकच टब

आम्हा यहुद्यांचा मांडवांचा सण संपला की आमच्या बायित वेगान वस्तीत वर्षभर टाळलेली कामं सुरू होतात. कुणी दात काढून घेतं, कुणी गळका नळ दुरुस्त करतं, कुणी वजन कमी करायला घेतं. त्या वर्षी बायकांनी घरं शांत करायला घेतली. ही लाट आणली हेदवा लाउफर नावाच्या बाईंनी. ‘शांत घर, चाळीस दिवसांत’ असा त्यांचा वर्ग होता. रोजच्या नऊ सवयी, एक पुस्तिका आणि फ्रिजवर लावायचा प्लास्टिकमध्ये मढवलेला तक्ता. हेदवाबाईंना सहा मुलं होती आणि त्यांचं स्वतःचं घर आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नव्हतं.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर पिरीमावशी राहते. पिरी मँडेल, वय अठ्ठ्याहत्तर, मूळची हंगेरीची. तीन वर्षांपूर्वी तिचा मुलगा गेदल्या बायको आणि चार मुलांसह तिच्याच घरात राहायला आला. घर पिरीमावशीचं, स्वयंपाकघरही तिचंच. सुनेने, तिर्झाने, वर्गात नाव घातलं तेव्हा या दुसऱ्या गोष्टीचा निकाल लावायचं तिने मनात ठरवलेलं होतं. तसं ती बोललीही.

“आईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे,” ती मला जिन्यात म्हणाली. “एक दिवस दुधाचा चमचा मांसाच्या सूपमध्ये घालतील आणि चार लेकरांना निषिद्ध जेवण खायला घालतील. नव्या महिन्यापासून स्वयंपाक मी बघणार. त्यांनी आता बसावं.”

हे सगळं ती अगदी हळू आवाजात म्हणाली. आवाज चढवायचा नाही ही तिसरी सवय होती. तिर्झा ती कसोशीने पाळत असे. पूर्वी ओरडून बोलायची ते सगळं ती आता कुजबुजत बोले, एवढाच फरक पडला होता.

पिरीमावशी बसली असती तर काय झालं असतं, हे इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. नवरा गेल्यावर ही बाई आठवडाभर जे काही करी ते शुक्रवारी संध्याकाळी लागणाऱ्या शब्बाथच्या टेबलासाठी. गुरुवारी सूपची हाडं, शुक्रवारी पहाटे पीठ, दुपारी किसलेल्या बटाट्याचं, ओव्हनमध्ये भाजलेलं कुगल. ते काढून घेतलं तर तिच्याकडे एक खुर्ची आणि खिडकी उरली असती. खिडकीतून कचऱ्याचे डबे दिसतात.

आता तिची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्या धर्मात मांस आणि दूध एकत्र येऊ द्यायचं नसतं, म्हणून घरांत मांसाची भांडी वेगळी आणि दुधाची वेगळी, खणही वेगळे. पिरीमावशीचे चमचे, काटे, सुऱ्या मिळून सेहेचाळीस. लग्नानंतर तिने दोन संच एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतले, म्हणजे दोन्ही हुबेहूब सारखे. दुसरा नमुना दुकानात नव्हता. म्हणून मांसाच्या प्रत्येक दांड्याला भोकातून तपकिरी दोरा आणि दुधाच्या दांड्यावर नेलपॉलिशचा ठिपका. दोरा झिजला की नवा बांधायचा, ठिपका उडाला की नवा लावायचा. चोपन्न वर्षांत या घरातून रब्बींकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, चमच्याबद्दल एकही प्रश्न गेला नव्हता.

हेदवाबाईंच्या पुस्तिकेत दोऱ्यांबद्दल एक परिच्छेद होता. ‘दोरे, रिबिनी, नखांचे रंग ही घाईच्या घराची लक्षणं आहेत.’ त्याऐवजी त्यांच्याकडेच मिळणारे बिल्ले चिकटवायचे. मांसाला लाल चौकोनी, दुधाला निळे गोल, प्रत्येकावर उठावाचं टिंब, म्हणजे म्हाताऱ्यांना बोटांनाही कळावं. बिल्ला तेलकट दांड्यावर बसत नाही, म्हणून पुस्तिकेत पुढे लिहिलं होतं: ‘कडकडीत पाण्यात धुण्याचा सोडा घालून चमचे वीस मिनिटं बुडवून ठेवा.’ टब किती घ्यायचे, हे लिहिलेलं नव्हतं. उकळत्या पाण्यात मांसाची आणि दुधाची भांडी एकत्र पडली की दोन्ही बाद होतात; ते लिहावं लागेल असं आमच्या वस्तीत कुणाला वाटलंही नसतं.

रविवारी सकाळी पिरीमावशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. तिर्झाने दोन्ही खण टेबलावर मांडले, दोन ढीग केले, कात्रीने दोरे कापले, नेलपॉलिश पुसून काढलं. मग दोन्ही ढीग मुलांचे कपडे भिजवायच्या एकाच टबात घातले आणि वरून दोन किटल्या उकळतं पाणी ओतलं. ‘एका वेळी एकच पसारा’ ही दुसरी सवय होती.

वीस मिनिटांनी तिच्यासमोर टबात सेहेचाळीस चकचकीत, सारख्या आणि बिनखुणेच्या वस्तू होत्या. तेव्हा काय करावं हे कळण्याइतकी ती शिकलेली आहे. वरच्या मजल्यावर रब्बी ब्लोख राहतात, बावीस पायऱ्या आहेत. ती गेली नाही. जे जास्त घासलेले दिसतात ते मांसाचे असणार, असं तिने ठरवलं आणि चिकटवायला घेतलं. बाराच्या आत काम संपलं. तक्त्यावर सातव्या ओळीत, ‘मांस आणि दूध वेगळे: तपासलं’, तिने त्या दिवसाची खूण केली.

हे सगळं तिने नंतर रब्बींसमोर स्वतः सांगितलं, म्हणून मला माहीत आहे.

पिरीमावशी घरी आली, तिने दुधाचा खण उघडला, एक चमचा उचलला आणि खाली ठेवला. मग दुसरा.

“दोरे कुठे गेले?”

“आई, आता बिल्ले आहेत. बोट लावून बघा ना. निळं टिंब, दूध.”

“हा मांसाचा आहे.”

“निळा आहे, आई.”

“बिल्ला निळा आहे. चमचा मांसाचा आहे.”

“तुमचे डोळे,” तिर्झा हळूच म्हणाली. “डॉक्टर काय म्हणाले?”

तीन दिवसांत पिरीमावशीने हे तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा डोळ्यांची चौकशी झाली. गेदल्याच्या कानावर घालायला ती तयार नव्हती. तो यशीवात, धर्मग्रंथांच्या पाठशाळेत, शिकवतो, भांडण ऐकलं की पुस्तकात डोकं घालतो. शिवाय मुलाला सांगायचं म्हणजे तुझी मुलं रविवारपासून काय खात आहेत हे सांगायचं. ती रब्बींकडेही गेली नाही.

“काय सांगू त्यांना?” ती मला म्हणाली. “मोतीबिंदू झालेल्या बाईची बोटं एक म्हणतात आणि सुनेचा तक्ता दुसरं म्हणतो? तू साप्ताहिकात काम करतेस, नेहामा. तू असली बातमी छापशील का?”

“नाही छापणार.”

“मग.”

ती स्वयंपाक करत राहिली. चुलीजवळ खिळ्याला टांगलेला सूपचा डाव आणि लाकडी कालथे त्या टबात गेले नव्हते, तेवढ्यावर तिने भागवलं. टेबलावर चमचे तिर्झा मांडत असे. पिरीमावशी स्वतः काय खाते ते मी दुसऱ्या आठवड्यात पाहिलं. उकडलेलं अंडं, पाव, काकडी. हाताने.

“पोट बरं नाही,” ती म्हणाली. पोटाला काहीही झालेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मंगळवारी हेदवाबाई येणार होत्या. वर्गातल्या एका ‘आदर्श घरा’त प्रात्यक्षिक असे, आणि तिर्झाने ते मिळवलं होतं. अकराची वेळ होती. वेळेवर सुरू आणि वेळेवर बंद ही पहिली सवय. हेदवाबाई अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी आल्या, सोबत कॅमेरा घेतलेली एक मुलगी आणि बिल्ल्यांची पेटी. तोवर चौदा बायका स्वयंपाकघरात आणि दारात दाटीने उभ्या होत्या. मला पिरीमावशीने बोलावलं होतं. “ये आणि गप्प उभी राहा,” एवढंच ती म्हणाली होती.

हेदवाबाईंनी आधी तक्त्याचा फोटो काढून घेतला. नऊ ओळी आणि रोजच्या खुणा, एकही घर रिकामं नाही. दारातल्या एकीने विचारलं, “शब्बाथला तर लिहिता येत नाही. मग शनिवारची खूण?”

“शुक्रवारीच करून ठेवायची,” हेदवाबाई म्हणाल्या. “म्हणजे शब्बाथ निर्धास्त जातो.”

बायकांनी माना डोलावल्या. दोघींनी लिहून घेतलं.

मग तासभर त्या शांततेवर बोलल्या. सिंक रिकामं असेल तर मन रिकामं होतं. गुरुवारीच मुलांचे मोजे जोडी करून ठेवणारी आई शुक्रवारी हसते. फळ्या, डबे, डब्यांवरची नावं. तिर्झा प्रत्येक वाक्याला होकार देत होती. शेजारच्या खोलीत तिचा धाकटा रडत होता आणि त्याच्याकडे बघायला कुणी जात नव्हतं. शेवटी पिरीमावशी गेली आणि त्याला कडेवर घेऊन आली. हेदवाबाईंची नजर तिच्यावर गेली.

“या आजी बघा. यांना दिसत नाही—”

“दिसतं,” पिरीमावशी म्हणाली. “धूसर दिसतं.”

“धूसर दिसतं. अशा आजी घरात असल्या की सुनेच्या जिवाला किती घोर असतो, ते तुम्हाला माहीत आहे. पण आपला बिल्ला असला की आजीसुद्धा चुकत नाहीत. या ना आजी. डोळे मिटा आणि मला मांसाचा एक चमचा काढून द्या.”

पिरीमावशीने मूल माझ्या हातात दिलं. तिने लाल बिल्ल्यांचा खण उघडला आणि एकेक चमचा हातात घेऊन परत ठेवू लागली. घाई नव्हती. मागून कुणीतरी खुदकन हसलं. अकराव्या की बाराव्या चमच्याला ती थांबली.

“हा घ्या.”

“छान. आणि हा कशाचा?”

“दुधाचा.”

आता तिघी-चौघी हसल्या. हेदवाबाईंनी डोकं एका बाजूला कलवलं. “आजी, बोट लावा. चौकोन लागतो ना? चौकोन म्हणजे?”

“चौकोन म्हणजे तुमचा बिल्ला. चमचा दुधाचा आहे.”

“आई,” तिर्झा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच तक्त्याबाहेर गेला. “लोकांसमोर तरी.”

“गेदल्या एकला जेवायला येतो,” पिरीमावशी म्हणाली. “आता पाच मिनिटं आहेत. त्याला विचारू.”

ती चमचा हातात धरून उभी राहिली. हेदवाबाईंनी तेवढ्यात बिल्ल्यांची दोन पाकिटं खपवली.

गेदल्या एक वाजून दहा मिनिटांनी आला. स्वयंपाकघरात एवढ्या बायका पाहून तो दारातच वळला आणि बाहेर पडायला निघाला.

“थांब,” आई म्हणाली. “हा चमचा कुणाचा?”

त्याने न बघताच हात पुढे केला, बहुधा लवकर सुटका व्हावी म्हणून. चमचा उलटा करून कडेवरून अंगठा फिरवला. तिथे तीन बारीक खड्डे होते. मग तो हसला, आणि तो सहसा हसत नाही.

“माझा. रव्याच्या खिरीचा. मी दीड वर्षाचा असताना चावून ठेवलाय ना हा. बाबा म्हणायचे, पोराला खिरीपेक्षा चमचाच आवडतो. कुठे सापडला?”

“मांसाच्या खणात,” आई म्हणाली. “काल रात्री तुझ्या मुलीने याने कोंबडीचं सूप प्यायलं.”

त्या स्वयंपाकघरात तेव्हा खरी शांतता झाली, चाळीस दिवसांची वाट न पाहता.

आधी हेदवाबाई बोलल्या. “एखादा चमचा इकडचा तिकडे होतो. त्यासाठीच तर पद्धत—”

“दोरे काढले कसे?” दारातली एक लठ्ठ बाई तिर्झाला विचारत होती. “सोड्याच्या पाण्यात?”

“पुस्तिकेत आहे तसं.”

“एकाच टबात?”

तिर्झा फ्रिजवरचा तक्ता सरळ करू लागली.

“मी दोन टब म्हटलं होतं,” हेदवाबाई म्हणाल्या.

“कुठे म्हटलंय?” लठ्ठ बाई पुस्तिका उलगडत म्हणाली. “दाखवा. सहावं पान. कुठे आहे दोन?”

“ते समजून घ्यायचं असतं, बाई. तुम्ही काय काल जन्मलात का? आहाराचे नियम पाळणाऱ्या कोशेर घरातल्या बाईला हे सांगावं लागतं?”

“मग मोज्यांच्या जोड्या लावायला बरं सांगता,” मागून कुणीतरी म्हणालं.

पण त्या लठ्ठ बाईचा चेहरा उतरला होता. तिच्या मागच्या दोघींचाही. मी दारात होते म्हणून मोजता आलं. चौदातल्या चार जणी एकमेकींकडे न बघता बाहेर पडल्या आणि जिन्यातच त्यांनी फोन काढले. त्यांच्याकडेही एकेकच टब असावा. त्या दुपारी रब्बी ब्लोखांचा फोन तीनपर्यंत व्यस्त होता. उरलेल्या दहा जणी टेबलाभोवती उभ्या राहून, आपण दोन टब कसे घेतले होते ते एकमेकींना सांगत होत्या. त्यांतल्या एकीकडे तर घरात टबच नाही, हे मला माहीत आहे.

हेदवाबाई पेटी घेऊन निघाल्या तेव्हा पिरीमावशीने त्यांना विचारलं, “सूप घेणार का?”

त्या म्हणाल्या, नुकतीच जेवले आहे. आमच्यात एखाद्याच्या घरी जेवायचं नसलं की असंच म्हणतात. पिरीमावशीच्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं, आणि ते ऐकताना तिर्झाने मान खाली घातली.

रब्बी ब्लोख चार वाजता स्वतः खाली आले. उंच, हडकुळे, घाई नसलेले गृहस्थ. त्यांनी सगळं पहिल्यापासून ऐकलं. तिर्झाने सांगितलं, दोन ढीग, कात्री, टब, किटल्या, घासलेले आणि न घासलेले. मध्ये एकदाही अडली नाही. ते तिच्या बाजूने मांडायला हवं.

“पाण्यात सोडा होता, त्याने चव मरते,” रब्बी म्हणाले, “म्हणून नुसत्या टबापुरती मी काही वाट काढली असती. पण नंतर नऊ दिवस तुम्ही जेवलात. अंदाजाने. घासलेले म्हणजे मांसाचे, हे कुठल्या ग्रंथात आहे?”

रब्बींनी छताकडे बोट दाखवलं.

“मी एक मजला वर राहतो.”

“मला वाटलं, तुम्ही म्हणाल की आईंना विचार,” ती म्हणाली.

“तेच म्हणालो असतो.” ते पिरीमावशीकडे वळले. “पिरीबाई, तुम्ही नऊ दिवस काय खाल्लंत?”

“अंडं. पाव. काकडी.”

“चमच्याने?”

“हाताने.”

रब्बींनी गेदल्याकडे पाहिलं. तो कपाटाकडे पाहत होता, तिथे पुस्तकं नव्हती तरी.

“आई नऊ दिवस हाताने जेवत होती,” रब्बी म्हणाले, “आणि तुम्ही त्याच टेबलावर बसत होतात.”

गेदल्याने कपाटाचं दार उघडलं आणि परत लावलं.

निर्णय सरळ होता. चोवीस तास सेहेचाळीसपैकी कशालाही हात लावायचा नाही. मग बिल्ले आणि त्यांचा डिंक खरवडून काढायचा आणि एकेक चमचा उकळत्या पाण्यात बुडवायचा. ज्या सहा सुऱ्यांच्या मुठी प्लास्टिकच्या आहेत त्या फेकायच्या. उकळून निघालं की प्रत्येक चमचा कोरा. आधी कशाचा होता याला मग अर्थ नाही.

“मग कोणते कुठल्या खणात, ते कुणी ठरवायचं?” तिर्झाने विचारलं.

“या घरात एकच माणूस चुकलेलं नाही,” रब्बी म्हणाले. “आणि स्वयंपाकघर कुणी सांभाळायचं हा प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. विचारलात तर त्याचंही उत्तर हेच आहे.”

ते गेल्यावर तिर्झाने तो प्रश्न विचारला नाही, आणि नवा महिना लागला तेव्हा कुणी त्याची आठवणही काढली नाही.

बिल्ल्यांचा डिंक मात्र उत्तम प्रतीचा होता. गुरुवारी सकाळी दोघी सासू-सुना अंगणात बसून सुरीच्या पाठीने तो खरवडत होत्या. नखं तुटली. मोठं पातेलं गॅसच्या शेगडीवर रटरटत होतं. मी वरून उतरत होते म्हणून थांबले.

तिर्झा एकेक चमचा चिमट्यात धरून पाण्यात बुडवी, गार पाण्यातून काढी आणि सासूच्या हातात देई. पिरीमावशी तो बोटांत फिरवी आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवी.

“आता तर सगळे सारखेच,” तिर्झा म्हणाली. “मग एवढं चाचपता कशाला?”

“ओळखीचे आहेत.”

चावलेला चमचा आला तेव्हा पिरीमावशीने त्याला अंगठा लावला आणि दुधाच्या बाजूला ठेवला.

“आई, मला खरंच वाटलं होतं की तुमचे डोळे—”

“डोळे गेलेच आहेत माझे. पुढच्या महिन्यात काढतायत मोतीबिंदू. हा दोरा ओवून दे, मला भोक दिसत नाही.”

तिर्झाने ओवून दिला. चाळीस वस्तूंपैकी एकवीस मांसाच्या ठरल्या, म्हणजे एकवीस दोरे. ते काम दुपारपर्यंत चाललं. तिर्झा त्यात एकदाही कुजबुजली नाही. एकदा चिमटा निसटून पाणी उडालं तेव्हा ती चांगली मोठ्याने ओरडली, आणि पिरीमावशीने ते कानाआड केलं.

हेदवाबाईंचा वर्ग बंद पडला असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. हनुक्काच्या, म्हणजे हिवाळ्यातल्या दिव्यांच्या सणाच्या, आधी त्यांच्या पुस्तिकेची नवी आवृत्ती घरोघरी आली. सहाव्या पानावर आता ‘दोन वेगळ्या टबांत’ असं ठळक छापलं होतं आणि खाली टीप होती: ‘काही भगिनींनी घाई केल्याचा अनुभव आहे.’ मुखपृष्ठावर रंगीत फोटो होता. एक फ्रिज, त्यावर तक्ता, नऊ ओळी. मँडेल कुटुंबाचं नाव नव्हतं, पण फ्रिज आम्ही ओळखला.

पिरीमावशीच्या डोळ्याचं तेव्हा नुकतंच ऑपरेशन झालं होतं. वाचायला मनाई होती, म्हणून मी तिला फोटोचं वर्णन करून सांगितलं. तिर्झा सिंकपाशी भांडी घासत होती. तिला ऐकू जात होतं.

“सातव्या ओळीत खुणा आल्यात?” पिरीमावशीने विचारलं.

मी मोजल्या. टबाच्या रविवारपासून प्रात्यक्षिकाच्या मंगळवारपर्यंत, दहाही दिवस.

“सगळ्या आल्यात.”

“शब्बाथचीही?”

“ती सर्वांत ठळक आहे.”

“दे इकडे.”

तिने पुस्तिका घेतली, चुलीशेजारी ओट्यावर पालथी टाकली, सूप ढवळलं आणि निथळता डाव तिच्यावर ठेवला.